थंडीत वाढणारा आकडा

सत्याला स्वतःचे पाय असतात; उशिरा का होईना, ते चालत आपल्या दारात येतं. हे वाक्य माझं आहे. शाळेच्या निरोप समारंभात मी ते दरसाल म्हणायचो आणि दरसाल त्यावर टाळ्या पडायच्या. माझ्यापुरतं सांगायचं तर पाथर्डीहून निघालेलं एक सत्य सत्तावीस वर्षांत माझ्या दारात पोचलेलं नाही. रस्ते खराब असतील. वाट पाहून कंटाळलो, म्हणून आज मीच त्याला आणायला निघालोय.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे — जी अर्धी सगळ्या शाळेला माहीत होती, ती. उरलेली अर्धी तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर कबुली द्यायला जेवढं धैर्य लागतं तेवढं माझ्याकडे कधीच नव्हतं. हे पुढे दिसेलच.

मी भूगोलाचा शिक्षक. मूळचा पुणतांब्याचा, म्हणजे गोदावरीकाठचा. नोकरी लागली पाथर्डीला, जिथं नकाशात निळी रेघ शोधावी लागते. स्वभावानं संशयी. कोनशिला दिसली की तिच्यावरची नावं मोजायची, शाल-श्रीफळ दिसलं की कुणाचं काम अडलंय ते पाहायचं, आणि भाषणात ‘निःस्वार्थ’ हा शब्द आला की वक्त्याच्या गाडीचा नंबर आठवून ठेवायचा — अशा सवयी. स्टाफरूममध्ये मला त्याबद्दल थोडा मान होता. सगळ्यांवर संशय घेणारा माणूस स्वतः स्वच्छ असणार, असं लोक का धरून चालतात?

अठ्ठ्याण्णव साली आमच्या शाळेनं संगणक घ्यायचं ठरवलं. एक. त्या एका संगणकासाठी एक खोली, त्या खोलीला ‘संगणक कक्ष’ अशी पाटी, आणि पाटीखाली कोनशिला. संगणकाआधी कोनशिला आली, हे सांगायला नको.

संगणकाचं खरं काम मात्र साधं होतं. पाथर्डीच्या गावांतून दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला निघतात. जीपा आणि ट्रॅक्टर भरून घरंच्या घरं कारखान्यांकडे जातात, आणि पोरंही त्यांच्याबरोबर जातात. आमच्या शाळेचं वसतिगृह या पोरांसाठी होतं. पण कुठल्या गावचं कुठलं पोर, कितवीतलं, आईबाप कुठल्या कारखान्याकडे, मुकादम कोण, पोराला मागे ठेवायला घरी म्हातारं माणूस आहे की नाही — ही माहिती पाच-सहा वह्यांत विखुरलेली. ती एका जागी आणायची, म्हणजे पुढच्या वर्षी निघायच्या आधीच घरोघर जाऊन पोरांना थांबवता येईल. हे काम करायला एक ऑपरेटर नेमायचा. आधी हंगामी, आणि काम नीट झालं तर जूनपासून कायम करण्याचा प्रस्ताव पाठवायचा.

ऑपरेटर म्हणून आल्या भिंगारदिवे बाई. तिशीच्या आसपास, सावळ्या, बोलायला कमी. मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेल्या, आणि दर रविवारी पहिल्या एसटीनं नगरला जाऊन संगणकाचा कोर्स केलेला. तिसगाव, करंजीचा घाट, नगर — जाता-येता शंभर किलोमीटर, एका सर्टिफिकेटसाठी. घरी म्हातारी आई आणि दोन लहान भाऊ. पगार आणणाऱ्या त्या एकट्याच. बाई बौद्ध. आमच्या शाळेत ही गोष्ट कुणी बोलायचं नाही आणि कुणी विसरायचंही नाही.

आता संगणकाकडे येतो. किंवा — येण्याचं टाळत होतो, ते आता टाळता येत नाही.

खरेदी समितीत तिघे. हेडसर, संस्थेचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, आणि मी. मी का? तर मी नगरहून संगणकाचं एक मासिक आणून वाचायचो, आणि त्यातले शब्द चहाच्या वेळी वापरायचो. पाथर्डीत तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ होत असे.

नगरच्या दोन दुकानांतून कोटेशनं आणली. पहिल्यातलं मशीन संथ होतं. पण त्याबरोबर वीज गेली तरी दहा मिनिटं चालू ठेवणारी बॅटरीची पेटी होती, मराठीचं सॉफ्टवेअर होतं, आणि तीन वर्षं बिघाड झाल्यास माणूस पाथर्डीला येऊन दुरुस्त करणार होता. दुसरं मशीन त्याच किमतीत बरंच वेगवान. त्यात चित्रं पळवणारं वेगळं कार्ड. बॅटरीची पेटी नाही, मराठी नाही, वॉरंटी एक वर्ष, आणि ती सांगतानाही दुकानदार दुसरीकडे बघत होता.

कुठलं घ्यायचं? तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय. याद्या टाइप करायला वेग लागत नाही. बाईंची बोटं कुठल्याही मशीनपेक्षा हळूच चालणार होती. पाथर्डीत वीज येण्यापेक्षा जाण्याबद्दल जास्त प्रसिद्ध. शाळेला न बिघडणारं मशीन हवं होतं. एवढं तर आमच्या शिपाई नामदेवमामांनाही कळलं असतं.

पण दुसऱ्या दुकानात त्या वेगवान मशीनवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून ठेवला होता. दुकानदार म्हणाला, “बसा सर, बघा तर चालवून.” मी बसलो. समोर समुद्र, डोंगर, डोंगरातून वळत जाणारा रस्ता, आणि माझ्या हाताखाली लाल गाडी. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. माझ्याकडे लुना होती, आणि माणिकदौंडीच्या चढावर ती मला पायडल मारायला लावायची.

घरी येऊन मी चार पानी तुलनात्मक अहवाल लिहिला. त्यात तक्ता होता. ‘भविष्यातील शैक्षणिक गरजा’ हा शब्दप्रयोग चार वेळा होता. ‘वेग हीच उद्याची विश्वासार्हता’ असंही एक वाक्य होतं, ज्याला काहीच अर्थ नाही. हेडसरांनी नेमकं तेच अधोरेखित केलं. अण्णांनी अहवाल वाचला नाही, वजन करून पाहिला. वेगवान मशीन मंजूर झालं.

दुसऱ्या कुणी असा अहवाल लिहिला असता तर मी त्याच्या दुकानदाराशी असलेल्या नात्याची चौकशी केली असती. मी दुकानदाराकडून चहासुद्धा घेतला नव्हता. त्या स्वच्छपणाचा मला अभिमानही वाटला. मला काय हवं होतं ते कुणाच्या संशयात बसण्याइतकं मोठंच नव्हतं.

उद्घाटनाला संगणकाला हार घातला. हार मोठा होता, त्यामुळे पडदा झाकला गेला आणि पाहुण्यांनी झाकलेल्या पडद्याचं कौतुक केलं. नारळ बाहेर फोडला, पण हळदकुंकू आत लागलं. त्या दिवसापासून कक्षाचा नियम झाला: चप्पल बाहेर. धुळीनं विषाणू येतो असं हेडसरांनी कुठंतरी ऐकलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. ऐकायला गंमत वाटत होती.

कक्षप्रमुख मी. किल्ली माझ्याकडे.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “सर, यात मराठी कुठं आहे?” नव्हतीच, तिच्याऐवजी चित्रं पळवणारं कार्ड घेतलं होतं. तेव्हा बाईंनी आपल्या कोर्सच्या क्लासमधून एका फ्लॉपीवर मराठी फॉन्ट आणला आणि मशीनवर चढवला. ती निळी फ्लॉपी त्या एका टिनच्या डब्यात, रुमालात गुंडाळून ठेवायच्या. लक्षात ठेवा ती.

मग त्यांनी दुसरं विचारलं. “सर, रोजच्या कामाची एक कॉपी फ्लॉपीवर काढून ठेवू का? शाळेनं दहा कोऱ्या घेतल्यात ना?”

मी म्हणालो, “कशाला? फ्लॉपीचा काय भरवसा. मशीनवर विश्वास ठेवा.”

शाळेच्या दहा फ्लॉप्यांपैकी कोरी एकही नव्हती. नऊ फ्लॉप्यांत तुकडे करून मी तो गाड्यांचा खेळ नगरहून आणला होता. दहाव्या फ्लॉपीत दुसरा छोटा खेळ होता.

खेळायचो कधी? रविवारी दुपारी. बायकोला सांगायचो, कक्षाचं काम आहे. खोटं नव्हतं, कक्षातच होतो. पण गाडी वळणावर अडखळायची. समुद्र तुकड्यातुकड्यांनी यायचा. मासिकात एक लेख आला — आहे त्याच मशीनचा वेग फुकटात कसा वाढवावा. आतल्या मुख्य पाटीवर बारीक पिना असतात, त्यांवर मुगाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी बसवलेली असते. ती उचलून शेजारच्या पिनांवर बसवली की यंत्राची नाडीच जलद होते. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात एक टीप होती. तिचा अर्थ असा, की असं केल्यानं मशीन अडकू शकतं आणि हार्ड डिस्कवर साठवलेली माहिती बिघडू शकते.

मी तळटीपा वाचणारा माणूस आहे. ही टीप मी वाचली होती. दोनदा वाचली होती. हे लिहिताना मी थोडा थांबलो होतो, कारण ‘मला कल्पना नव्हती’ हे एक वाक्य जर लिहिता आलं असतं, तर पुढचं सगळं अपघात ठरलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, संगणकाचा डबा उघडून मी ती टोपी हलवली. मशीन सुरू केल्यावर पहिल्या काळ्या पडद्यावर आकडा येतो — यंत्राचा वेग. तो तीनशे असायचा. त्या दिवशी आला तीनशे पंचाहत्तर. समुद्र एकसंध झाला. गाडी वळली.

परत तीनशेवर का नेली नाही? दर वेळी डबा उघडायचा, चार स्क्रू काढायचे, लावायचे… कंटाळा. त्या कंटाळ्यासाठी मला अजून मोठा शब्द सापडलेला नाही.

सुट्टी संपली. बाई रोज दहाला यायच्या, चप्पल बाहेर काढायच्या, आणि पाचपर्यंत टाइप करायच्या. रोज आठ-दहा कुटुंबं. नामदेवमामा कक्ष झाडताना एकदा म्हणाले, “सर, ह्यो डबा लई तापतोय ओ. वर पापड ठिवला तर भाजून निघंल.”

मी म्हणालो, “मामा, तापणारच. काम करतोय.”

“काम बाई बी करत्यात,” मामा म्हणाले. “त्या न्हाई तापत.”

मशीन मधूनच अडकायचं. बाई ते बंद करून पुन्हा सुरू करायच्या आणि गेलेली पानं पुन्हा टाइप करायच्या. तक्रार त्यांनी केली नाही. केली असती तर? मी मासिकातला एखादा शब्द सांगितला असता.

जानेवारीतल्या एका सोमवारी मशीन सुरू झालं आणि पुढे गेलंच नाही. दोन-तीन प्रयत्नांनी फायलींची नावं दिसली — नावं कसली, चौकोन, बाण आणि हसरे चेहरे. अकराशेच्या आसपास पोरांची यादी, पाच महिन्यांचं काम. बाई पडद्याकडे बघत बसल्या होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “सर, परत येईल ना?”

त्या दिवशी वीज गेलेली नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला विचारत होतो की गेली होती का.

नगरहून दुकानदाराचा माणूस गुरुवारी येणार होता. बुधवारी शाळा सुटल्यावर मी कक्षाला आतून कडी लावली, चार स्क्रू काढले, आणि टोपी पुन्हा जुन्या पिनांवर बसवली. हात थरथरत होते असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. थरथरत नव्हते. सराव झाला होता.

गुरुवारी तो माणूस आला, डबा न उघडताच म्हणाला, “व्हायरस असणार. बाहेरची फ्लॉपी लावली होती का? व्हायरसला वॉरंटी नसते.” मग त्यानं डिस्क कोरी करून दिली, तसं लिहून दिलं, आणि चारची एसटी पकडली.

बाहेरची फ्लॉपी. शाळेत तो शब्द एका तासात सगळीकडे पोचला. माझ्या नऊ फ्लॉप्यांवर शाळेचा शिक्का होता, म्हणून त्या आतल्या. बाहेरची एकच — रुमालातली निळी. शिपायानं ती नुसत्या हातानं उचलू नये म्हणून हेडसरांनी मामांना कागद दिला. मामांनी कागद बाजूला ठेवला आणि फ्लॉपी हातानंच उचलली. कक्ष फिनेलनं धुतला. फिनेलनंतर कुणीतरी गोमूत्र शिंपडलं. फिनेल विषाणूसाठी होतं असं धरलं, तर गोमूत्र कशासाठी होतं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं; म्हणून विचारलं नाही.

फ्लॉपी तपासणीसाठी माझ्याकडे दिली होती. शुक्रवारी मी ती घेऊन नगरला गेलो, ओळखीच्या एका क्लासमध्ये विषाणू शोधणारा प्रोग्रॅम लावून तपासली. तीन वेळा तपासली. व्हायरस सापडावा अशी माझी इच्छा होती — एवढी इच्छा मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींची केली असेल. फ्लॉपी स्वच्छ होती. परत येताना करंजीच्या घाटात एसटीची खिडकी उघडी होती, आणि फ्लॉपी बाहेर फेकावी की काय असं मनात आलं. फेकली नाही. मी चांगला आहे म्हणून नव्हे. फेकली तर कुणाला तरी संशय येईल म्हणून.

शनिवारी हेडसरांच्या खोलीत बैठक. हेडसर, अण्णा, मी, आणि समोर बाई. त्यांना खुर्ची होती, त्या बसल्या नव्हत्या.

अण्णांचा आवाज गोड होता. “बाई, तुमी मनाला लावून घिऊ न्हका. पर बाहेरचं आत आलं की असं व्हतंच. दोष कुनाचा न्हाई.”

बाईंनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. “अण्णा, मी रोज मशीन सुरू करताना पडद्यावर पहिल्यांदा जे येतं ते लिहून ठेवते. कशाचा कधी उपयोग होईल सांगता येत नाही.” मग त्यांनी वही माझ्याकडे वळवली. हेडसरांकडे नाही, अण्णांकडे नाही. “सर, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रोज तीनशे आलंय. सुट्टीनंतर रोज तीनशे पंचाहत्तर. आणि मशीन अडकलं की मी फुली करते. सुट्टीच्या आधी एक पण फुली नाही. नंतर सतरा आहेत. फॉन्टची फ्लॉपी तर मी ऑगस्टमध्ये लावली होती. या आकड्याचा काही संबंध असेल का, सर? तुम्हीच सांगू शकाल.”

निळ्या शाईतली ती वही मी अजून बघू शकतो. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला आकडा, आणि बारीक, सरळ फुल्या. शाळेत कुणी असं काही लिहून ठेवत असेल अशी मला शंका आली नव्हती. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या मला — बाईंच्या नीटपणाचा संशय आला नव्हता.

तिघं माझ्याकडे बघत होते. बाहेर तिसऱ्या तासाची घंटा झाली. मी वही हातात घेतली, दोन पानं उलटली — विचार करतोय असं दिसायला — आणि म्हणालो,

“थंडीत तसं होतं.”

मग मी पुढे बोललो. हवा थंड असली की यंत्र जलद चालतं. दिवाळीनंतर तापमान उतरतं, त्यामुळे आकडा चढतो. उन्हाळ्यात आपोआप उतरेल. हिवाळा, दिनमान, असे दोन-तीन शब्द मी घातले. सातवीच्या पुस्तकातले.

हेडसरांनी मान हलवली. “बरोबर आहे. सर भूगोलाचे आहेत. तापमानातलं त्यांना कळणारच.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्यांनी वही मिटली आणि पिशवीत ठेवली.

त्यानंतर मला लेखी अभिप्राय द्यायचा होता. मी एक ओळ लिहिली: सदर बिघाड बाहेरील फ्लॉपीमुळे झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मराठीत यापेक्षा भित्रं वाक्य मला माहीत नाही. खरं नाही आणि पकडलं जाईल एवढं खोटंही नाही. खाली सही, तारीख, आणि ‘कक्षप्रमुख’.

बाईंना महिनाअखेर कार्यमुक्त केलं. जूनच्या प्रस्तावात अण्णांच्या भाच्याचं नाव गेलं. आता तुम्ही म्हणाल, अण्णांनी आधीच ठरवलं असेल. बाईंना त्यांनी कायम होऊच दिलं नसतं. मीही हेच म्हणायचो, मनातल्या मनात, कित्येक वर्षं. अण्णांवर माझा संशय होता आणि अजून आहे. पण अण्णांना कारण हवं होतं, आणि ते कारण माझ्या अक्षरात होतं.

जाण्याआधी बाईंनी एक काम केलं, जे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उरलेल्या तेरा दिवसांत स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून त्यांनी जुन्या वह्यांवरून ती पूर्ण यादी हातानं लिहून काढली. कक्षात त्यांना प्रवेश नव्हता. पुढच्या हंगामात वसतिगृहात पोरं आली ती त्या हस्तलिखितावरून. कक्षातला संगणक तोवर पत्रिका छापायला लागला होता.

शेवटच्या दिवशी त्या अनुभवाचा दाखला घ्यायला आल्या. दाखल्यावर माझी सही लागायची. मी कक्षाच्या दारातच उभा होतो. आत अण्णांचा भाचा मशीन सुरू करत होता, चप्पल घालून. सकाळची वेळ. मी स्वेटर घातला होता, बाईंनी शाल घेतली होती. मी दाखला भिंतीला टेकवून सही केली. त्यांनी तो नीट घडी करून पिशवीत ठेवला. मग माझ्या खांद्यावरून आत, पडद्याकडे पाहिलं.

“सर,” त्या म्हणाल्या, “थंडी अजून आहे.”

“हो,” मी म्हणालो.

“आकडा तीनशेवर आलाय.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वहीत नोंद करावी तशा त्या म्हणाल्या. त्यांनी उत्तराची वाट पाहिली का? पाहिली. मला वाटतं, मामांनी घंटेपर्यंत चालत जाऊन एक टोला द्यावा एवढा वेळ पाहिली. मग त्यांनी पायात चपला घातल्या आणि त्या गेल्या. मी तेव्हा बोलू शकलो असतो. हेडसर दहा पावलांवर होते. माझ्या अभिप्रायाचं पत्र अजून संस्थेच्या फायलीतच होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य पूर्ण तयार होतं माझ्याकडे.

मी आत गेलो आणि भाच्याला चप्पल काढायला सांगितलं.

बाईंनी पुढे एसटी स्टँडजवळ टायपिंगचं दुकान काढलं. आधी टाइपरायटर होता, काही वर्षांनी संगणक आला. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं. स्टँडवर जायचं झालं तर मागच्या बाजूनं, भाजीबाजारातून जायचो. पेन्शनची कागदपत्रं टाइप करायला मी पाथर्डीहून नगरला गेलो. बायकोनं विचारलं तर म्हणालो, इथल्या लोकांचं काम नीट नसतं. हे खोटं मी ठरवून बोललो नव्हतो. ते आपोआप आलं. खोटं बोलण्यात तेवढा सराव पुरतो.

बाईंना तेव्हाच सगळं कळलं होतं, असा मला संशय आहे. संशय कसला. कळलंच होतं. मग त्या कुणाकडे गेल्या का नाहीत? कुणाकडे जाणार होत्या? कक्षाचा तज्ज्ञ मी होतो.

निवृत्तीच्या वेळी माझा सत्कार झाला. ‘शाळेत संगणकयुग आणणारे सर’ असं मानपत्रात होतं. मी शाल घेतली, नारळ घेतला, आणि तेच सत्याच्या पायांचं वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या. मामा, तेव्हा बरेच थकलेले, मागच्या बाकावर बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. पण त्यांचे हात दुखायचे, हेही खरं.

मला हे लिहून काही मिळवायचं नाही. भिंगारदिवे बाईंना मी हे पाठवणार नाही. माझ्या मनावरचं ओझं त्यांच्या दारात टाकायचा मला अधिकार नाही. तुम्ही माफ करावं असंही नाही. तुमचं त्यात काही गेलेलं नाही. ज्यांचं गेलं त्यांनी त्याची नोंद तेव्हाच, तारीखवार, ठेवली होती. माझ्या बाजूची नोंद राहिली होती, ती ही.

एक तपशील राहिला. त्या खेळात शर्यत संपली की पडद्यावर नंबर यायचा. वेग तीनशे पंचाहत्तर असताना, अडीच महिन्यांतल्या सगळ्या रविवारी खेळून, माझा सगळ्यात चांगला नंबर आला चौथा. गाड्या पाच असायच्या.